हुकूम इथला, हात तिथला

1768 साली अवधच्या मुलखात व्यापार करणारे काही आर्मेनियन व्यापारी अचानक पकडले गेले. पकडणारी माणसं देशी सत्तेची होती, नवाब शुजाउद्दौलाच्या बाजूची. पण नवाबाला पत्रं गेली होती कलकत्त्याहून, ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर हॅरी व्हेरेल्स्ट याच्याकडून. या लोकांचा व्यापार त्याला तिथं नको होता. सुटल्यावर व्यापाऱ्यांनी लंडन गाठलं आणि व्हेरेल्स्टवर, नावानिशी, नुकसानभरपाईचा दावा लावला.

परदेशातल्या अत्याचाराला हातभार लावला म्हणून सरकारी अधिकाऱ्याला त्याच्याच देशातल्या कोर्टात उभं करायचं, या वाटेचा माग काढू लागलं की मला हाच खटला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच सुमारास मिनॉर्का बेटावरच्या फॅब्रिगास नावाच्या रहिवाशानं तिथला ब्रिटिश गव्हर्नर मॉस्टिन याच्यावर कैद आणि हद्दपारीबद्दल लंडनमध्ये दावा लावून 3,000 पौंड मिळवले होते. 1774 मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तो निकाल कायम केला. गव्हर्नरला इथं जाब विचारता आला नाही, तर तो कुठेच विचारता येणार नाही, हा त्यांचा रोख होता. मात्र मॉस्टिननं कैद केली होती स्वतःच्या हुकमतीतल्या बेटावर. व्हेरेल्स्टचं म्हणणं निराळं: मी कुणाला हात लावला नाही, जे केलं ते एका स्वतंत्र नवाबानं स्वतःच्या राज्यात केलं. मग कोर्टाला पाहावं लागलं, की बक्सरच्या लढाईत हरलेला, कंपनीच्या मर्जीवर गादी राखून असलेला नवाब खरोखर स्वतंत्र होता का? तो दबावाखाली होता, असं धरून निकाल व्हेरेल्स्टच्या विरोधात गेला. अशा दाव्यांनी व्हेरेल्स्ट आर्थिकदृष्ट्या खचला आणि 1785 मध्ये फ्रान्समधल्या बुलोन इथं वारला.

हे दार पुढे बंद होत गेलं. ते बंद करणाऱ्या एका निकालात मराठी घराणं आहे. तंजावरचे दुसरे शिवाजी राजे भोसले 1855 मध्ये पुत्राविना वारले. कंपनीनं राज्य घेतलंच, शिवाय राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथं जिंकल्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य यावर मत देण्याचा आम्हाला अधिकार नाही, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. प्रश्न वाड्यातल्या मालमत्तेचा होता, छळाचा नव्हता. तरी ‘हा राजकारणाचा विषय, कोर्टाचा नव्हे’ ही ढाल तेव्हापासून अनेकांच्या कामी आली.

अमेरिकेत 1789 पासून एक कायदा होता: आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला तर परकीय माणसाला तिथं भरपाई मागता येईल. जवळपास दोनशे वर्षं तो पडून होता. पॅराग्वेतले डॉक्टर जोएल फिलार्तिगा यांच्या 17 वर्षांच्या मुलाला 1976 मध्ये छळ करून मारलं गेलं. त्यातला पोलीस अधिकारी पुढे न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि 1980 मध्ये तिथल्या अपील कोर्टानं असा दावा चालू शकतो असं ठरवलं. जगभरच्या पीडितांना त्यानं आशा दिली. पण तो अधिकारी परका होता. बोट आपल्याच माणसाकडे वळलं तेव्हा काय झालं?

चिलीचे सेनापती रेने श्नायडर यांना ऑक्टोबर 1970 मध्ये अपहरणाच्या प्रयत्नात गोळ्या लागल्या आणि तीन दिवसांनी ते गेले. निवडणुकीत पुढे आलेले समाजवादी नेते आयेंदे यांना राष्ट्राध्यक्ष होऊ न देण्यासाठी लष्करानं मधे पडावं, हे श्नायडर यांना मान्य नव्हतं. सीआयएचा कट करणाऱ्यांशी संबंध होता, हे अमेरिकी सिनेटच्याच समितीनं 1975 मध्ये मांडलं. 10 सप्टेंबर 2001 रोजी श्नायडर यांच्या मुलांनी 1970 मधले अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये दावा दाखल केला. 2005 मध्ये अपील कोर्टानं तो फेटाळला: परराष्ट्रधोरण हा राजकीय प्रश्न. श्नायडर यांच्या मृत्यूत कोणाचा किती हात, हे तपासलंच गेलं नाही. हे मला अन्यायाचंच वाटतं. धोरण ठरवणं सरकारचं काम आहे, पण एका माणसाचं अपहरण घडवणं धोरणात कसं बसतं?

ब्रिटनमध्ये मात्र दार थोडं उघडलं. 2004 मध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचे विरोधक अब्दुल हकीम बेलहाज आणि त्यांची गरोदर पत्नी फातिमा बूशर यांना बँकॉकमध्ये पकडून गद्दाफीच्या हवाली करण्यात आलं. बेलहाज सहा वर्षं कैदेत होते. 2011 मध्ये त्रिपोली पडल्यावर एक पत्र हाती लागलं. त्यात ब्रिटिश गुप्तचर अधिकारी मार्क ॲलन यांनी हा कैदी सुखरूप पोचल्याबद्दल लिबियाच्या गुप्तचर प्रमुखाचं अभिनंदन केलं होतं आणि त्याच्याबद्दलची माहिती ब्रिटिशांकडची असल्याची आठवण दिली होती. पतिपत्नींनी सरकारवर, ॲलन यांच्यावर आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांच्यावर दावा लावला. परक्या देशांच्या कृत्यांचा निवाडा इथलं कोर्ट करू शकत नाही, असं सरकार म्हणत राहिलं. जानेवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते एकमतानं नाकारलं.

10 मे 2018 रोजी सरकारनं संसदेत माफी मागितली. बूशर यांना पाच लाख पौंड मिळाले. बेलहाज यांनी पैसे मागितलेच नव्हते. तडजोडीत स्ट्रॉ आणि ॲलन यांच्यावरचे दावे मागे घेतले गेले आणि कोणीही दायित्व मान्य केलं नाही. त्या दोघांची जबाबदारी किती, याचा निकाल कोणत्याही कोर्टानं दिलेला नाही.