संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सणदिन

संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सणदिन रोमन कॅथॉलिक उपासना दिनदर्शिकेत २४ जानेवारी रोजी येतो. नागपूरचे कॅथेड्रल याच संताच्या नावाने असल्यामुळे रामटेकसह नागपूर जिल्ह्यातील कॅथॉलिकांच्या दृष्टीने या तिथीला विशेष महत्त्व आहे.

फ्रान्सिस (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप होते. ते शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांचे वास्तव्य मात्र सव्हॉय प्रांतातील आन्सी येथे असे. १६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत घोषित केले.

तिथीची निश्चिती

संताचा सण सहसा त्याच्या मृत्युदिनी असतो. हा दिवस स्वर्गातील जन्मदिन मानला जातो. पुण्यतिथीच्या कल्पनेशी याचे साम्य उघड आहे. परंतु फ्रान्सिस यांचे निधन २८ डिसेंबरला झाले आणि तो दिवस हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या सणाचा आहे. त्यामुळे पूर्वी हा सण २९ जानेवारीला होत असे. १९६९ च्या सुधारणेत तो आन्सी येथील दफनाच्या दिवशी, म्हणजे २४ जानेवारीला आणला गेला. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे रक्तसाक्षी झाले, पण ५ फेब्रुवारी संत अगाथाचा असल्याने त्यांचे स्मरण ६ तारखेला होते.

रामटेकची त्रिपुरी पौर्णिमा इंग्रजी तारखांनुसार दरवर्षी सरकते, तसे या सणांचे होत नाही. चंद्राशी बांधलेला मुख्य सण ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कोणत्याही रविवारी येऊ शकतो.

नागपुरातील स्थान

पियेर-मारी मेरमिये यांनी १८३८ मध्ये आन्सी येथे स्थापन केलेल्या, याच संताचे नाव धारण करणाऱ्या संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला आले. त्या धर्मप्रांतातून १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत वेगळा झाला. १९५३ मध्ये त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

सामान्य रोमन दिनदर्शिकेत २४ जानेवारी हा केवळ 'स्मरणदिन' असून तो रविवारी आल्यास त्या वर्षी वगळला जातो. मात्र ज्या चर्चला संताचे नाव असते, तेथे त्याचा दिवस 'महोत्सव' या सर्वोच्च श्रेणीत गणला जातो. त्यामुळे नागपूरच्या कॅथेड्रलमध्ये तो रविवारच्या उपासनेलाही मागे सारतो.