हंडीतले मत्स्यबीज आणि आजची पिशवी



बैल दमला की मान टाकतो. गाय आजारी पडली की वैरण सोडते. मासा मात्र पाण्याखाली, आणि मुका. त्याचे हाल आपल्याला बहुधा तो मेल्यावरच दिसतात. मग आपल्या आधीच्या लोकांनी ते कसे ओळखले?

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ झाला. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, हे त्यात सांगितले आहे. ते होते राजाच्या गळाच्या खेळासाठी. पण माशामाशाची आवड वेगळी असते, हे तेव्हाही कोणीतरी नीट पाहिले होते.

खरी काळजी शिकले ते बंगालचे बीजवाहक. पावसाळ्यात नदीतून रोहू, कटला, मृगळ यांचे बी धरायचे आणि मातीच्या हंडीतून दूरवर न्यायचे. निघण्यापूर्वी ते बी कापडी हौद्यात दाटीने, उपाशी ठेवीत. पोट रिकामे झाले की वाटेत पाणी नासत नाही. हंडी सारखी हलवत राहायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. तांबड्या मातीची पूड टाकली की घाण तळाशी बसते. पुस्तक नव्हते. बी मेले की धंदा बुडाला, हाच त्यांचा गुरू.

पुढे 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे बियाण्यासाठी फक्त नदीच्या तोंडाकडे बघत बसणे संपले. 10 जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे. मग प्राणवायू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली. हंडी हलवण्याचे कष्ट वाचले, पण हलवणाऱ्याचे बियाण्यावरचे लक्षही गेले.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेततळ्यावर भर दुपारी पिशव्या आल्या. मला पुढच्या गावाची घाई. तोंडे सोडली आणि बोटुकली तळ्यात ओतायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला पांढरी रेघ दिसली. ती मेलेल्या बोटुकलीची होती. तळ्याचे मालक रागावले नाहीत, नुसते म्हणाले, “साहेब, रोप लावतानासुद्धा आपण ऊन बघतो की.”

2003 साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी ट्राउट माशाच्या तोंडाजवळ इजा जाणणारे मज्जातंतू दाखवून दिले. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. मासा त्यात आलाच.

तेव्हा एवढे करा :

बी सकाळी किंवा संध्याकाळी गारव्यात आणा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगू द्या. मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या आणि बी आपणहून बाहेर जाऊ द्या.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे असे समजा. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. पंप लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडा.

मासे काढताना एका वेळी थोडेच ओढा. काठावर तडफडत टाकू नका. डोक्यावर नेमका घाव घालून लगेच मारा, मग बर्फात ठेवा. तडफडून थकलेला मासा लवकर ताठतो, त्याचे मांसही उतरते.

हंडीवाल्याचा हात आता नाही. पण पहाटे तळ्यावर एक फेरी मारणे आपल्या हातात आहे. उद्यापासून ती चुकवू नका.