भाडेपावती : गिरगावातील एका खोलीचा इतिहास

१/ गिरगावातील जुन्या चाळीत जाऊन विचारा, घरातील सर्वांत मौल्यवान कागद कोणता? बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल : भाडेपावती. दुसऱ्याच्या मालकीच्या खोलीत राहत असल्याचा हा साधा पुरावा. त्याला एवढे मोल कसे आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज पाहू.

२/ १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढील काही दशकांत गिरण्या, गोदी, रेल्वे आणि कापसाचा व्यापार यांनी शहराचे रूप पालटले. गिरणी कामगार परळ-लालबागकडे वसला. कोट भागातील पेढ्या, कचेऱ्या व न्यायालयांत लेखणी चालवणारा कारकून मात्र गिरगावात उतरला. कचेरी येथून पायी गाठता येई.

३/ त्याच्यासाठी जमीनमालकांनी व व्यापाऱ्यांनी चाळी बांधल्या. लाकडी जिना, लांब सामाईक गॅलरी, तिच्यावर उघडणाऱ्या एक-दोन खोल्या, कोपऱ्यात मोरी आणि मजल्याच्या टोकाला सर्वांचे शौचालय. एकटा पुरुष आधी खानावळीत जेवे. बिऱ्हाड मागाहून येई. मग गावाकडचा भाचा, पुतण्याही त्याच खोलीत वळकटी पसरी.

४/ खोली अपुरी असल्याने माणसे गॅलरीत राहू लागली आणि गॅलरीतून सार्वजनिक जीवन उभे राहिले. केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. केळेवाडीतील साहित्य संघाच्या नाट्यगृहाला प्रेक्षक लाभला तोही याच वस्तीतला.

५/ परंतु भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर मालकाच्या मर्जीवर टिकून होते. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, नवी बांधकामे मंदावली, भाडी चढली. म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाने तीच गरज पुन्हा निर्माण केली.

६/ यातूनच १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. जुन्या खोलीचे १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे ‘प्रमाण भाडे’ ठरले. करवाढीसारखे अपवाद वगळता ते वाढवता येईना, आणि कायद्याने मान्य केलेल्या कारणांवाचून भाडेकरूला काढता येईना. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असलेल्या शहराला हा मोठाच आधार होता.

७/ भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाई. भाडे गोठलेले, हक्क मात्र पिढीजात! मग बाजाराने वाट काढली : पागडी. खोली सोडणारा नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेई, मालक त्यातील वाटा घेऊन नव्या नावाने पावती फाडी. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते. तरी पागडीचा व्यवहार सर्रास चाले.

८/ याची किंमत इमारतीने मोजली. दोन-तीन आकडी भाड्यात मालक तुळया बदलीना आणि मालमत्ता आपली नसल्याने भाडेकरूही खर्चाला कचरे. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. उपकर भरणाऱ्या इमारतींची मूळ संख्या होती १९,६४२. या ‘उपकरप्राप्त’ इमारतींचे टेकू आजही गिरगावच्या गल्ल्यांत दिसतात.

९/ डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अनेक दशके भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी व मनमानी झाल्या आहेत. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य केली आणि पागडीलाही कायदेशीर स्थान दिले.

१०/ तोवर पावतीचा अर्थ पालटला होता. चाळीचा पुनर्विकास झाल्यास पात्र भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीचे घर मिळते. म्हणून संक्रमण शिबिरात वर्षे काढणारी कुटुंबेही जुन्या पावत्या जिवापाड जपतात. याउलट आज गिरगावात खोली शोधणारा तरुण सहसा ११ महिन्यांचा करार करतो. एकाच गॅलरीत एका दाराआड आजोबांची पावती असते, तर शेजारच्या दाराआड पुढल्या वर्षीची चिंता.

११/ भाडेनियंत्रणाने गिरगाव राखले की मोडकळीस आणले? दोन्ही. स्वस्त भाड्यामुळेच साध्या पगाराचा माणूस शहराच्या मध्यभागी तीन पिढ्या टिकला आणि त्याच्यासोबत तिथली मराठी संस्कृती टिकली. त्याच भाड्यामुळे त्याच्या पायाखालचा जिना कुजला. माणूस आणि वास्तू, दोघांनाही सांभाळील असे भाडे मुंबईला अद्याप ठरवता आलेले नाही. तेव्हा घरात जुनी पावती सापडली तर रद्दीत टाकू नका. तीवरचे वर्ष, नाव आणि रक्कम नीट वाचा. शहराचा इतिहास तिथेही लिहिलेला असतो.