मुलांसाठी चित्रपट निवडताना ख्रिस्ती पालक काय पाहतात?

बिबवेवाडीतल्या कुटुंबाला सिनेमासाठी सातारा रस्त्यावरचे सिटीप्राइड जवळ पडते आणि हातातला मोबाइल त्याहूनही जवळ. त्यामुळे ‘वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलाय, आपण कधी पाहायचा?’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांतही येतोच. नाही म्हणावे तर मूल मित्रांच्या गप्पांत एकटे पडते. हो म्हणावे तर रविवारी चर्चमध्ये शिकवलेल्याच्या अगदी उलट काही पडद्यावर दिसेल, ही धास्ती असते.

पहिला आधार प्रमाणपत्राचा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ‘ए’ चित्रपटाला १८ वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसतो. ‘यूए’चा आकडा मात्र पालकांसाठीचा सल्ला आहे, त्यावरून चित्रपटगृह मुलाला दारात अडवत नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार जवळपास अशीच वर्गवारी असते आणि ‘यूए १३+’ व त्यावरील मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागते, आणि तेच बऱ्याच घरांत राहून जाते.

प्रमाणपत्र वय सांगते. चित्रपटात खोटे बोलणारा शेवटी हिरो ठरतो का, सूड गोड वाटतो का, हे ते सांगत नाही.

येशूवरचा चित्रपट म्हणजे मुलांचा चित्रपट?

तसे नाही, आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. येशूचे चरित्र भारतीय सिनेमाच्या मुळाशीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि त्यातून पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ घडला. पण मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) हा फटक्यांच्या आणि रक्ताच्या दृश्यांमुळे अमेरिकेत ‘आर’ वर्गात गेला होता. गुड फ्रायडे आहे म्हणून सहा वर्षांच्या मुलाला तो दाखवणे बरे नव्हे. मोशेची कथा सांगणारा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ (१९९८) अॅनिमेशनपट आहे, तरी मिसरमधील थोरल्या मुलांच्या मृत्यूची रात्र लहानग्यांना घाबरवू शकते. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला ‘जीझस’ (१९७९) मराठीतही उपलब्ध आहे. त्याची गती मात्र आजच्या मुलांना संथ वाटेल.

जादूचा वाद वेगळाच. ‘हॅरी पॉटर’ नको म्हणणारी घरे ‘नार्निया’ आनंदाने पाहतात, आणि चेटकीण तर ‘नार्निया’तही आहे! फरक केला जातो तो कथेच्या गाभ्यावरून. सी. एस. लुईस हे ख्रिस्ती लेखक. त्यांच्या कथेत दगा देणाऱ्या एडमंडसाठी अस्लान हा सिंह स्वतःचा जीव देतो. चेटूक दिसले की बंद, हा नियम सोपा खरा, पण या मापाने ‘नार्निया’ही बाद होतो. मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांना लिहिले तेव्हाही सगळ्यांची सदसद्विवेकबुद्धी एकसारखी नसते, हे त्याने धरलेच होते. त्यामुळे शेजारच्या ख्रिस्ती घराचा नियम वेगळा असू शकतो.

दुसऱ्या धर्माच्या वातावरणातला चित्रपट टाळायलाच हवा असेही नाही. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) पंढरपुरात घडतो. आईवरचे कर्ज फिटावे आणि लाडकी सायकल विकली जाऊ नये म्हणून मुले तिच्या नकळत यात्रेत बांगड्या विकतात. ‘आईसाठी आईपासून लपवणे बरोबर का?’ या प्रश्नावर जेवताना चांगली तासभर चर्चा होऊ शकते.

एक गोष्ट मात्र प्रमाणपत्रावर कधीच नसते: पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस. हिंदी सिनेमात तो अनेकदा दारूच्या अड्ड्याशी जोडलेला असतो. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधला अँथनी दिलदार आहे, येशूशी मोकळेपणाने बोलतो, पण त्याचा धंदा दारूचाच. मोठ्यांना ती गंमत वाटते. शाळेत त्याच नावाने चिडवले जाणारे मूल शेजारी बसले असेल, तर आधी आपण एकट्याने पाहून घ्यावे आणि त्या प्रसंगाला थांबून मुलाशी बोलावे. चित्रपट बंद करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.