फारसी काव्य, निजामशाही चित्रे आणि पुसलेली राणी

फारसी ही दरबाराची भाषा, तिच्याशी कष्टकऱ्यांचा काय संबंध, असे पुष्कळांस वाटते. परंतु कागद, दौत, शाई यांबरोबरच मजूर आणि हजेरी हे शब्दही आपणांस फारसीच्या वाटेनेच मिळाले. त्या भाषेतील काव्य महाराष्ट्रात चित्ररूपाने कसे अवतरले, याचा अस्सल पुरावा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

तो म्हणजे 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही पोथी. आफताबी नावाच्या कवीने तीत अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची थोरवी गायिली. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली आणि त्याच वर्षी हुसेनशहा वारला. पुत्र मुर्तझा लहान, म्हणून राणी खुंझा हुमायून कारभार पाहू लागली. प्रसिद्ध चांदबिबी ही तिचीच कन्या. पोथी याच कारभाराच्या काळात सिद्ध झाली, असे अभ्यासक मानतात.

मूळच्या १४ चित्रांपैकी १२ उरली आहेत. एकात रामरायाचा शिरच्छेद आहे, तर दुसऱ्यात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरला आहे. हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्यातला. तो येथे फारसी अक्षरांच्या शेजारी सुखाने नांदतो. स्त्रियांच्या अंगात चोळी आहे, लांब वेणीला गोंडा आहे. काव्य फारसी, पण डोळा या मातीचा!

आता एक कटू गोष्ट. काव्यात राणीचे लावण्य मनसोक्त वर्णिले आहे. चित्रांतही ती राजाजवळ बसलेली होती. परंतु बहुतेक ठिकाणी तिची आकृती मागाहून पुसलेली आढळते. मुर्तझाने आईला कैदेत टाकून सत्ता घेतली, त्यानंतरचे हे कृत्य असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

राणीला निदान पुसावे तरी लागले. कवीचे नाव उरले. चित्रकारांची, कागद घोटणाऱ्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. आपल्या बोदलकशाच्या तलावाची पाळ ज्यांनी टोपलीटोपलीने उभी केली, त्यांची तरी कोठे ठाऊक आहेत? आम्ही संघटनेचे लोक हजेरीपटावरील नावासाठी इतके भांडतो, ते उगाच नव्हे. ज्याचे नाव पटावर नाही, त्याचे काम पुसायला रंगाचा कुंचलाही लागत नाही.