फुटबॉल खेळशैली : संख्याशास्त्रीय विश्लेषणाचा अर्थ

संघ चेंडू कसा मिळवतो, किती काळ राखतो आणि गोलपर्यंत कोणत्या मार्गाने नेतो, हे सामन्यातील नोंदींवरून ठरवण्याची पद्धत. ताब्याची टक्केवारी, पासांची संख्या व दिशा, प्रेसिंगची (प्रतिस्पर्ध्याकडील चेंडूवर आणलेल्या दबावाची) तीव्रता आणि ‘अपेक्षित गोल’ (फटक्याचा गोल होण्याची शक्यता) ही तिची नेहमीची मापे होत. मोजणीपेक्षा तिचा अर्थ लावणे अवघड असते.

इंग्लंडमध्ये हवाई दलातील हिशेब अधिकारी चार्ल्स रीप यांनी १८ मार्च १९५० रोजी स्विंडन येथील सामन्यापासून हाताने नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की सुमारे ८०% गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. लांब चेंडू मारण्याच्या शैलीला त्यातून आधार मिळाला. परंतु ९० टक्क्यांहून अधिक चाली मुळात तीन पासांच्या आतच संपत होत्या. म्हणजे दीर्घ चालींना त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक गोल मिळत होते. छेद न पाहता अंश वाचल्याने झालेली ही चूक या विषयात सर्वाधिक बोधप्रद ठरते.

भारतात इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम अभ्यासण्याजोगा आहे. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी एफसी गोवा संघात रुजवलेली, मागून लहान पासांनी चाल बांधण्याची शैली त्या वर्षी त्यांच्यासह मुंबई सिटीत आली. प्रशिक्षक अँटोनियो हबास यांचा एटीके मोहन बागान बचाव घट्ट ठेवून प्रतिहल्ल्यावर भर देई. साखळीतील २० सामन्यांत दोघांचेही १२ विजय, ४ बरोबऱ्या व ४० गुण झाले. मुंबईने ३५ गोल केले व १८ स्वीकारले. बागानचे आकडे २८ व १५. साखळीतील अव्वल स्थान परस्परांतील सामन्यांवरून मुंबईला मिळाले. बागानविरुद्धचा अंतिम सामनाही मुंबईने २–१ असा जिंकला, मात्र निर्णायक गोल ९०व्या मिनिटाला झाला. त्यावरून एका शैलीचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. शिवाय सर्व सामने गोव्यात, प्रेक्षकांविना झाल्याने घरच्या मैदानाचा परिणाम या आकड्यांत नाही.

पिछाडीवरचा संघ चेंडू अधिक खेळवतो आणि वरपर्यंत दबाव आणतो; त्यामुळे ताबा व प्रेसिंग गोलफलकासह वाचावे लागते. अपेक्षित गोलांत पेनल्टीचे मूल्य पाऊण गोलाच्या आसपास धरतात, म्हणून शैली तपासताना ती वेगळी काढतात.

केवळ गोल व कार्डांची नोंद असलेल्या सामन्यांना ही मापे लावता येत नाहीत.