हार पुन्हा घाला!

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा फोटो म्हणून एक चित्र पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं. राणी उभी आहे, शेजारी तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट. फोटो खरा आहे, पण तो लग्नातला नाही. लग्न झालं १० फेब्रुवारी १८४० रोजी आणि हा फोटो रॉजर फेंटन या छायाचित्रकारानं काढला १८५४ साली, दरबारी पोशाखात. तोवर या दांपत्याला आठ मुलं झाली होती!

१८४० साली राणीनं मनात आणलं असतं तरी लग्नविधीचा फोटो निघाला नसता. पॅरिसच्या दागेर यांची फोटोची कृती जाहीर होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा कॅमेऱ्यात घालायचा आणि भर उन्हात कित्येक मिनिटं उघडा ठेवायचा, अशी ती पद्धत. इमारती, पुतळे, झाडं हे सगळं बिचारं जागचं हलत नाही. नवरानवरी हलतात, भटजी आणि पाद्री हलतात, आणि पाहुणे तर बसतच नाहीत.

पुढं १८५८ साली याच राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मुलगी सतरा वर्षांची, लग्न होऊन प्रशियाला, म्हणजे परमुलखात जाणारी. २५ जानेवारीला सकाळी चर्चकडं निघण्याआधी आई, वडील आणि मुलगी असा तिघांचा फोटो काढण्यात आला. तो आजही उपलब्ध आहे. त्यात बाप स्पष्ट दिसतो, मुलगी स्पष्ट दिसते आणि आईचा चेहरा मात्र पुसट झाला आहे. राणीनं आपल्या रोजनिशीत त्याचं कारण लिहून ठेवलं आहे. आपण इतक्या थरथरत होतो की आपली छबी नीट उमटलीच नाही, अशा अर्थाची ती नोंद आहे.

मला हा फोटो फार महत्त्वाचा वाटतो. अर्ध्या जगावर हुकूम चालवणारी बाई, पण लेकीची पाठवणी करताना चार क्षण स्थिर राहू शकली नाही. आणि त्या काळच्या काचेला तेवढाही दम नव्हता. लग्नाच्या फोटोचा पुढचा सगळा इतिहास, माझ्या मते, एवढ्या एका प्रश्नाचा आहे. लग्नानं कॅमेऱ्यासाठी थांबायचं, की कॅमेऱ्यानं लग्नाचा वेग गाठायचा?

आपल्याकडंही फोटोची विद्या लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीच. जुन्या घरांतून भिंतीवर लावलेले पणजोबा-पणजीचे फोटो आठवून पाहा. पणजोबा खुर्चीत, हात गुडघ्यावर, पणजी बाजूला उभी, मागं रंगवलेला पडदा. दोघांच्याही चेहऱ्यावर कोर्टात साक्षीला आल्यासारखा भाव. यावरून लोक अंदाज बांधतात की त्या काळी माणसं हसत नसत. हसत होती हो! पण कॅमेऱ्यासमोर हसू तितका वेळ टिकवून धरणं कुणालाच जमत नाही. गंभीर चेहरा टिकतो.

उजेड कमी, म्हणून वेळ जास्त. हे कोडं सोडवायला पहिला माणूस पुढं आला तो व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक. जोसेफ पेट्झवाल त्याचं नाव. त्याआधीची भिंगं चष्म्याच्या कारागिरांनी अंदाजानं घासून केलेली असत. पेट्झवालनं उजेडाचा किरण काचेत शिरला की कुठं वळेल याचं आकडेमोडीनं गणित मांडलं. ती आकडेमोड एकट्याच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून त्याच्या मदतीला तोफखान्यातले हिशेब येणारे शिपाई देण्यात आले. तोफगोळा कुठं पडेल हे काढणाऱ्यांनी उजेड कुठं पडेल हे काढलं! १८४० साली तयार झालेलं ते भिंग आधीच्या भिंगांच्या सुमारे वीसपट उजेड आत घेत असे. व्होइग्टलेंडर या व्हिएन्नाच्या कारखान्यानं ते घडवून विकलं आणि पैसाही चांगला मिळवला. प्राध्यापकाच्या हाती एकरकमी मोबदला तेवढा आला. मग दोघांचं भांडण झालं. ते असो.

फोटोवाले अशा भिंगाला ‘फास्ट लेन्स’ म्हणतात. वेगवान भिंग. शब्द मोठा मजेशीर आहे, कारण भिंग स्वतः कुठंच धावत नाही. त्याचं तोंड मोठं असतं, उजेड भरपूर शिरतो, म्हणून कॅमेऱ्याची पापणी चटकन मिटली तरी भागतं. या तोंडाचं माप एफ या अक्षरानं सांगतात. भिंगाच्या केंद्रांतराला तोंडाच्या रुंदीनं भागलं की तो आकडा येतो. त्यामुळं आकडा लहान तेवढं तोंड मोठं. एफ/४ पेक्षा एफ/२.८ मध्ये दुप्पट उजेड येतो, आणि एफ/५.६ च्या तुलनेत चौपट. पेट्झवालचं भिंग सुमारे एफ/३.६ होतं.

पण ज्याचा उजेड मोठा त्याचा आवाकाही मोठा असतोच असं नाही. पेट्झवालच्या भिंगात मधला चेहरा स्वच्छ यायचा आणि कडेची माणसं गरगरल्यासारखी दिसायची. एकट्यादुकट्याच्या छबीला ते उत्तम, वऱ्हाडाला निरुपयोगी.

म्हणून पुढची कित्येक वर्षं लोकांनी भिंगाचा नाद सोडून उजेडच पेटवायचा मार्ग धरला. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड निघाली. भपकन् पेटायची, खोलीभर धूर व्हायचा. १९३० च्या सुमारास काचेचे एकदाच पेटणारे फ्लॅशबल्ब आले, मग विजेचा फ्लॅश. आपल्या पिढीनं लग्नात पाहिला तो हाच. दोन भिंगांचा डबा-कॅमेरा गळ्यात, एका रोलवर फक्त बारा फोटो आणि बाजूला दांडीवर बसवलेला ताटलीएवढा फ्लॅश. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं घटतो. नवरी दोन मीटरवर आणि तिची आजी चार मीटरवर असेल, तर आजीच्या वाट्याला पाव उजेड येतो. म्हणून जुन्या अल्बममध्ये नवरी पिठासारखी पांढरी आणि मागची माणसं अंधारात बुडालेली दिसतात.

शिवाय फोटो बाराच. चुकला तर? म्हणून फोटोग्राफर फर्मान सोडायचा, ‘ताई, हार पुन्हा घाला! वर बघा, इकडं बघा, आता तसंच थांबा.’ ताई बिचारी हार उचलून धरून उभी. गळ्यात एकदा पडलेला हार काढून दुसऱ्यांदा घालताना तिच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळचं काय उरणार? पण अल्बममध्ये जायचा तो दुसराच हार.

मांडवातली दुसरी अडचण अंतराची. एका केंद्रांतराचं भिंग लावलं की माणूस मोठा दिसायला हवा तर जवळ जायचं, सगळे यायला हवेत तर मागं सरायचं. ‘पायांनी पुढं-मागं व्हा’ असा सल्ला देणाऱ्यांनी आपला मांडव बघितलेला नसतो. पुढं होम पेटलेला, मागं खुर्च्या, बाजूला मामा अंतरपाट धरून उभे आणि पायात दोन पोरं. जायचं कुठं?

यावर उपाय म्हणजे जागेवरून हलल्याशिवाय जवळचं-लांबचं करणारं झूम भिंग. सिनेमासाठी अशी भिंगं १९३० च्या दशकातच झाली होती. साध्या फोटोच्या कॅमेऱ्यासाठी ते १९५९ साली बाजारात आलं. घडवणारा फ्रँक बॅक, मूळचा व्हिएन्नाचा, अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेला, आणि भिंगावर नाव पुन्हा त्याच व्होइग्टलेंडरचं! केंद्रांतर ३६ ते ८२ मिलिमीटर आणि तोंड थेट एफ/२.८. एवढं सगळं जमलं ते आणखी एका शोधामुळं. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. झूममध्ये असे वीस-पंचवीस पृष्ठभाग. हिशेब केला तर निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच खर्च व्हायचा आणि उरलेला आतल्या आत भटकून चित्र फिकं करायचा. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप देऊन ही गळती थांबवली. चांगल्या भिंगावर जांभळट झाक दिसते ती त्याची.

तरी ते १९५९ चं भिंग जड होतं आणि चित्र मऊ यायचं. १९६३ साली निकॉनचं ४३ ते ८६ मिलिमीटरचं झूम आलं, पुष्कळ खपलं, पण तोंड एफ/३.५ आणि चित्राबद्दल तक्रारी होत्याच. पेट्झवालला लागले होते तसे हिशेबनीस शिपाई आता संगणकाच्या रूपानं आले, नव्या जातीची काच आली. मग १९८७ साली निकॉनचं ३५ ते ७०, १९९३ साली कॅननचं २८ ते ७०, २००२ साली कॅननचंच २४ ते ७०, सगळी एफ/२.८. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं नेहमीचं भिंग ठरलं ते इथं.

एफ/२.८ चं एवढं अप्रूप का? आपल्याकडचा गोरज मुहूर्त घ्या. मांडवात उजेड इतका की एफ/२.८ वर कॅमेऱ्याची पापणी एका सेकंदाच्या साठाव्या भागात मिटते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारं स्वस्त झूम जवळचं दाखवताना एफ/५.६ पर्यंत आक्रसतं. मग त्याच उजेडाला पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात अक्षतांच्या रेघा होतात आणि अंतरपाट खाली जाताना दोघांनी एकमेकांकडं टाकलेली पहिली नजर पुसली जाते. आमच्याकडं काही घरांत निकाहानंतर नवरानवरीच्या डोक्यावर ओढणी धरून मधे आरसा ठेवतात आणि दोघं एकमेकांना प्रथम त्या आरशात बघतात. ओढणीखाली उजेड तो किती! तिथं फ्लॅश मारणं म्हणजे कुणाच्या कानात कुजबुजत असताना तिसऱ्यानं कर्णा वाजवणं. तिथं लांब उभं राहून, न बोलता काम करणारं भिंगच हवं.

२००० नंतर डिजिटल कॅमेरे आले आणि खरेदीचा घोळ वाढला. परवडणाऱ्या कॅमेऱ्यात उजेड टिपणारी चकती लहान, त्यामुळं २४ ते ७० चं भिंग तिथं ३६ ते १०५ सारखं वागायचं. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत हळद चालू असेल तर अर्धं घर बाहेर राहायचं. म्हणून लहान चकतीसाठी १७ ते ५५ मिलिमीटरची भिंगं निघाली, निकॉनचं २००३ साली, कॅननचं २००६ साली. टॅमरॉनसारख्या कंपन्यांनी तोंड तेवढंच ठेवून वजन आणि किंमत उतरवली. त्यांचं २८ ते ७५ चं २००३ सालचं भिंग ५१० ग्रॅम, तर कॅननचं २००२ सालचं २४ ते ७० हे ९५० ग्रॅम. मोटार गुरगुरते, पाऊसपाण्याला बंदोबस्त नाही, पण आमच्याकडच्या कितीतरी पोरांचे संसार अशा भिंगांवर उभे राहिले.

दुकानदार आणखी एक गोष्ट विकतो, ती म्हणजे कंप रोखणारी यंत्रणा. कॅमेऱ्याच्या भिंगांत ती १९९५ पासून आहे. ती उपयोगाची आहेच, पण काय करते ते नीट समजून घ्यावं. फोटोग्राफरचा हात थरथरला तर ती सावरते. समोर नवरीची आई थरथरली तर तिचा इलाज नाही. तिथं उजेडच लागतो.

नुसता लहान आकडा बघूनही भागत नाही. तोंड पूर्ण उघडलं की स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. नवऱ्याचे डोळे लख्ख आणि अर्धा हात मागं उभ्या नवरीचे धूसर, असं होतं, आणि सासरी पहिलं भांडण त्यावरून! जोडीचा फोटो असेल तर दोघांना एका रेषेत आणावं, वऱ्हाडाचा असेल तर एफ/८ पर्यंत तोंड मिटावं.

२००७ च्या निकॉन डी-३ पासून कॅमेऱ्याची चकतीही अंधारात बघायला शिकली. २०१८ साली कॅननचं २८ ते ७० मिलिमीटरचं एफ/२ झूम आलं, १४३० ग्रॅमचं. २०२४ साली सोनीनं त्याच मापाचं भिंग ९१८ ग्रॅममध्ये बसवलं. उजेडाची सबब आता उरलेली नाही. आणि तरीही लग्नात ‘हार पुन्हा घाला’ ऐकू येतंच, आता मोबाइलवरच्या रीलसाठी. भटजी मंत्र थांबवून बसलेले असतात, काझीसाहेब कलम उघडून, आणि कॅमेरेवाला नवरीला गिरकी घ्यायला सांगत असतो. हे काचेच्या मर्यादेतून आलेलं नाही. हे आपण मागवलेलं आहे.

आमच्या गल्लीतल्या एका होतकरू पोरानं मध्यंतरी विचारलं, कुठलं घेऊ? मी कवी माणूस, पण एवढं सांगितलं की आधी एका लग्नापुरतं भाड्यानं आण. संध्याकाळी घरात सगळ्यात रुंद आणि सगळ्यात लांब अशा दोन्ही टोकांना तोंड पूर्ण उघडून आजीचे फोटो काढ. आजीला हलू दे. फोटोच्या कडा बघ. चार तास गळ्यात अडकवून फिर. त्यानं तसं केलं आणि शेवटी जुन्या बाजारातून १७ ते ५० चं एफ/२.८ उचललं, लहान चकतीच्या कॅमेऱ्याला साजेसं. पैसे मित्राकडून घेतलेत, दर लग्नामागं थोडे थोडे फेडतो आहे.